चौदावं नाव

इबिसो,

हे पत्र मासळीच्या बोटीबरोबर धाडते आहे. तू आहेस त्या वस्तीत टपाल जात नाही, फोनही लागत नाही. बोटवाला म्हणाला, ‘‘बाई, द्या इकडे. तिथे वाचता येणारी ती एकटीच आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तरी बिघडत नाही.’’ पडलं तर पडू दे. लपवायचं काही उरलेलं नाही.

तुझी गोष्ट धक्क्यावर आता दोन तऱ्हांनी सांगतात आणि दोन्ही ऐकून माझं डोकं उठतं. एकीत तू पोरांना नावं विकत होतीस. दुसरीत तू देवमाणूस होतीस आणि नौदलाने तुझा घात केला. दोन्ही सांगणारे त्या शनिवारी धक्क्यावरच उभे होते, तोंडाला कुलूप लावून. मी अडतीस वर्षं भूगोल शिकवला. चुकीचा नकाशा भिंतीवर लटकत ठेवणं मला जमत नाही. म्हणून झालं तसं लिहिते. ‘तू’ म्हणत लिहिलं तर मी मधेच तुझी समजूत घालायला लागेन, आणि ते तुला कधीच चाललं नाही. तेव्हा इथून पुढे तू ‘ती’.

ओपुकिरी बेटाच्या धक्क्यावर इबिसो लॉसन यादी लिहायची. बेटावरून पोर्ट हारकोर्ट शहराला रस्ता नाही. फायबरच्या उघड्या बोटीत चौदा माणसं दाटीने बसतात, मागे दोन इंजिनं, आणि दीड तास खाड्याखाड्यांतून जायचं. बोट सुटण्याआधी प्रत्येकाचं नाव, वय आणि घरच्या कुणाचा तरी फोन लिहून घ्यायचा. बोट बुडाली तर कळवायचं कुणाला, एवढ्यासाठी. पत्र्याच्या छपराखाली एक बाक, मांडीवर पाटी, दोन कागदांमध्ये कार्बन. पंधरा वर्षं ती तिथे बसली. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बेटावरचं माणूस शहरात पोचत नसे.

‘‘वय?’’

‘‘चाळीस लिही.’’

‘‘मावशी, गेल्या वर्षीही चाळीसच होतं.’’

‘‘मग आता बदलू कशाला? सरकारला वाटेल मी खोटी.’’

असं चालायचं. इबिसोला हसताना कुणी फारसं पाहिलं नाही, पण तिच्या बाकाशी लोक हसत. नवरा लग्नानंतर चार वर्षांनी गेला, मूल झालं नाही. तिने वाढवलं ते धाकट्या बहिणीला, दाबाला. दोघींत चौदा वर्षांचं अंतर. वडील नव्हतेच. आईचं नाव ओवानारी, ती बाजारात बसायची आणि तिचा आवाज पलीकडच्या बेटापर्यंत जायचा. इबिसोने मासळी धुरवून, विकून दाबाला नर्सिंग शिकवलं. दाबा शिकून परत आली, हे आमच्याकडे नवल. शिकलेलं माणूस शहरातच राहतं. ती आली, दवाखान्यात रुजू झाली, आणि दहा वर्षांत बेटावरची निम्मी मुलं तिच्या हातांत जन्मली. दोघी बहिणी एका घरात राहायच्या आणि कालवणातल्या मिठावरून रोज भांडायच्या. दाबाची एक खोड होती. कुणाचं रक्त दिसलं की तिचे हात आपोआप चालू व्हायचे, समोर कोण आहे ते ती बघायची नाही. शाळेत असताना तिने माझ्याच वर्गात एका दांडगट पोराच्या फुटलेल्या गुडघ्याला माझा रुमाल बांधला होता, मला न विचारता.

आता पोरांबद्दल. पेपरात त्यांना समुद्री चाचे म्हणतात. आम्ही पोरं म्हणतो, कारण कुणाची ना कुणाची ती पोरंच आहेत. आधी ती इंजिनं चोरायची. मग बोटी अडवून फोन आणि पैसे घ्यायला लागली. मग माणसं. खारफुटीच्या आत एवढ्या वाटा आहेत की मला स्वतःला त्यांचा नकाशा काढता आला नसता. बोट आत वळली की संपलं.

तेव्हा नौदल आलं. राखी रंगाची गनबोट वाटेतल्या खाडीच्या नाक्यावरच्या तळावर येऊन राहिली आणि नियम झाला. सकाळी आठ आणि दुपारी दोन, दिवसातून दोनच वेळा बोटी सुटतील आणि तशाच परततील, सगळ्या मिळून, गनबोट पुढे. यादीची एक प्रत गनबोटीवर द्यायची. गणती करून निघायचं, गणती करून पोचायचं. तळाचा प्रमुख लेफ्टनंट बुलुस हा वरच्या डोंगराळ मुलखातला. त्याच्या गावी नदी गुडघाभर. पहिल्या दिवशी तो बोटीतून उतरला आणि धक्क्याच्या खांबाला धरून ओकला. बायकांनी त्याला लिंबू दिलं. सहा महिने काही झालं नाही, तेव्हा त्याच बायका त्याच्या खलाशांना धुरवलेली मासळी पाठवायला लागल्या.

मग हॅरी मास्तरांना उचललं. तेही ताफ्यातून नव्हे. रविवारी गनबोट नसते, ते हट्टाने गेले. पण उचलताना पोरांच्या हातात कागद होता. त्यातून वाचून एकाने विचारलं, ‘‘यात मास्तर कोण?’’ आणि घरी फोन गेला तो यादीत लिहिलेल्या नंबरावरच. यादी फुटली होती. कुठून, ते आजतागायत कळलं नाही. ती चार हातांतून जायची. मास्तर दीड महिन्याने सुटून आले आणि आठवड्यात बेट सोडून गेले.

त्या दिवसापासून पगार खाणारं कुणी आपलं नाव द्यायला तयार होईना. नर्स, शिक्षक, बँकेतले, सरकारी कचेरीतले. नाव दिल्याशिवाय बोट सोडायची नाही, हा नौदलाचा नियम. इबिसो मनाने नावं रचून लिहायला लागली. त्यातलं एक पलीकडच्या वाडीतल्या एका जित्याजागत्या बाईचं निघालं. फुटलेल्या यादीतलं ते नाव वाचून पोरांनी या बाईच्या नवऱ्याचा नंबर काढला, ‘तुझ्या बायकोला बोटीतून उचललंय’ अशी थाप मारली, वीस लाख नायरा मागितले, आणि ही घरात मासे तळत बसलेली. घाबरून ती आठवडाभर चुलीमागून हलली नाही. इबिसोच्या मनाला ते लागलं. जिवंत माणसाचं नाव वापरायचं नाही, असं तिने ठरवलं.

राहिले मेलेले. मेलेल्याच्या घरी कोण फोन करणार?

तिने ते साधंसुधं केलं नाही, रीतीने केलं. ज्या घरचं नाव न्यायचं त्या घरी आदल्या दिवशी जायची, उंबऱ्यावर पितरांच्या नावाने बोटभर जिनची दारू ओतायची आणि त्या मेलेल्या माणसाला सांगायची, ‘‘मावशी, तुझं नाव उद्या शहरात नेते. संध्याकाळी परत आणून देते.’’ परतीची गणती झाली की स्वतःजवळच्या वहीत त्या नावावर रेघ. आधी घरचे कुरकुरले. मग अभिमानाने नावं द्यायला लागले. ‘‘आमच्या आजीला उभ्या जन्मात शहर बघायला मिळालं नाही. ने तिला.’’ धक्क्यावर ती एक गंमतच होऊन बसली.

‘‘आज तू कोण गं?’’

‘‘आज मी तुझी सासू.’’

‘‘मग तोंड चालू ठेव. ती गप्प बसायची नाही.’’

दोन वर्षं हे चाललं. सगळ्या बेटाला माहीत होतं. नौदलाला नव्हतं.

त्या गुरुवारी दाबाला लशी आणायला जायचं होतं. एरवी ती दुसऱ्या घरचं नाव घ्यायची. त्या आठवड्यात इबिसोला ताप होता, कुणाच्या उंबऱ्यावर जाणं झालं नव्हतं. तिने घरातलंच नाव घातलं. ओवानारी लॉसन, वय चाळीस, फोनच्या रकान्यात रेघ.

दाबा पाटीत डोकावून म्हणाली, ‘‘आईचं नको गं. तिला बोट लागायची.’’

‘‘तिला आता काही लागत नाही. बस जा. आणि ती पांढरी चप्पल काढ, नर्स दिसतेस.’’

दाबाने चपला काढून लशींच्या पेटीत टाकल्या आणि अनवाणी बोटीत बसली. तांडेल सेकिबो होता. नऊ बोटींचा ताफा, हिची आठवी.

अर्ध्या वाटेवर सेकिबोच्या पंख्यात फाटकं जाळं गुंतलं. त्याने इंजिन वर घेतलं, जाळं कापायला वाकला. नववी बोट बाजूने पुढे गेली. थांबायचं नाही हा ताफ्याचा नियम आहे, एक थांबली तर सगळ्या थांबतात आणि सगळ्या मारल्या जातात. ताफा वळणाआड गेला आणि खारफुटीतून दोन बोटी आल्या. गोळ्या सुटल्या तशी दहा माणसं पाण्यात उड्या टाकून चिखलाकडे गेली. सेकिबोला मांडीत गोळी लागली. गनबोट नऊ मिनिटांत मागे आली. नऊ मिनिटं म्हणजे काही वाईट नाही. पण तोवर बोटीत सेकिबो बेशुद्ध पडला होता आणि चौघं नव्हते. तीन शहरातले व्यापारी आणि चौदावी बाई.

नौदलाने काम केलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे शिव्या देणं सोपं पडतं. बुलुस दोन दिवस खाड्यांतून फिरला, झोपला नाही. शनिवारी पहाटे त्यांना एक झोपडी सापडली, चकमक झाली, एक खलाशी जखमी झाला आणि तिन्ही व्यापारी जिवंत मिळाले. त्यांनी सांगितलं, बाई आमच्याबरोबर नव्हती. पहिल्याच दिवशी तिला दुसऱ्या बोटीने नेलं. ‘‘आम्हाला लाथा घातल्या. तिला पुढच्या फळीवर बसवलं, पाणी दिलं.’’

शनिवारी दुपारी बुलुस यादी घेऊन आमच्या धक्क्यावर आला. दोनेकशे माणसं जमली होती. त्याने एकेक नाव वाचलं. तेरा नावांना कुणी ना कुणी ‘आहे’ म्हटलं. मग तो थांबला.

‘‘चौदा. ओवानारी लॉसन. वय चाळीस. मी गावकचेरीत विचारलं. चर्चच्या दफनाच्या नोंदीत ही बाई नऊ वर्षांपूर्वी वारलेली आहे. मग माझ्या बोटीत कोण बसलं होतं?’’

त्याने गर्दीवरून नजर फिरवली.

‘‘निम्मं बेट लॉसन आहे. कुणाच्या घरातली बाई गुरुवारपासून घरी आलेली नाही? एवढंच सांगा. मी शिक्षा करायला आलेलो नाही.’’

सगळ्यांना माहीत होतं. लोक इबिसोकडे बघत होते, आणि ती बाकावर बसून कार्बनच्या कागदाकडे. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. पोरांना वाटतंय की ही कुणी साधी बाई आहे. आज नाही तर उद्या फोन येईल, थोडंफार मागतील, ती देईल. इथे दोनशे माणसांत ‘नर्स’ हा शब्द उच्चारला तर तासाभरात तो खारफुटीत पोचेल, आणि मग आपण जन्मात आणू शकणार नाही एवढे पैसे मागतील. अजून थोडं थांबावं. तिने मला नंतर सांगितलं, ‘‘बाई, जीभ टाळूला चिकटली होती असं नाही. मी तिला धरून ठेवली होती.’’

तिचं एक समजू शकतं. बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांचं काय? त्यांना दाबाची चिंता नव्हती असं नाही. तिची यादी उघडी पडली की आपापली दोन वर्षांची नावं उघडी पडतील, ही चिंता जास्त होती. नौदल म्हणेल, तुमच्या याद्याच खोट्या, आम्ही राखण कुणाची करायची? आणि ताफा बंद. मीही तिथेच होते, छत्री घेऊन, पाण्याच्या बाजूला तोंड करून.

बुलुस बराच वेळ थांबला. मग त्याने यादीची घडी घातली.

रविवारी शोध थांबला. अहवालात लिहिलं गेलं की चौदावी बाई मृत स्त्रीच्या नावावर बसली होती, तिच्यावर हक्क सांगायला कुणी आलं नाही, आणि अपहरण करणाऱ्यांनी तिला मानाने वागवलं. सबब ती त्यांच्यातलीच, बोटीची बातमी द्यायला बसवलेली असावी. त्याच्या जागी मी असते तरी हेच लिहिलं असतं.

फोन आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारीही नाही. इबिसो फोन हातात घेऊन बसायची आणि दर थोड्या वेळाने शेजारणीला सांगायची, मला एकदा लावून बघ, वाजतो का. वाजायचा.

रविवारी दुपारी नौदलाच्या एका बोटीने सेकिबोला शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. इबिसो तिथे गेली. तो खाटेवर पडला होता, मांडी फळीसारखी बांधलेली.

‘‘ताई, माफ कर.’’

‘‘जाळं तू टाकलं होतंस का पाण्यात? सांग काय झालं.’’

‘‘गोळी लागली तेव्हा मला शुद्ध होती. सगळे उड्या मारत होते. दाबाताईला उडी मारता आली असती, ती काठाच्याच बाजूला होती. ती माझ्याकडे आली. डोक्याचा फडका काढला आणि बांधायला लागली. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, गप्प पड, हलू नकोस.’’

‘‘आणि?’’

‘‘त्यांची बोट लागली. व्यापाऱ्यांना पुढून ओढत नेत होते, इथे माझ्याजवळ एकजण वरून बघत उभा राहिला. म्हणाला, नर्स आहेस? ती म्हणाली, नाही, मासळी विकते. तो हसला. म्हणाला, मासळीवाली असली गाठ मारत नाही. आमच्याकडे एकजण पोटात गोळी घेऊन पडलाय, चल. आणि मग तिच्या पेटीत चपला सापडल्या.’’

इबिसोने सेकिबोच्या बायकोकडे पाणी मागितलं, प्यायली आणि उठली. म्हणजे पोरांना पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. ती तीन दिवस जे लपवत बसली होती, ते फक्त नौदलापासून लपलं होतं. पैसे कुणाला नकोच होते, त्यांना दाबाच हवी होती. फोन येणारच नव्हता.

सोमवारी आठच्या बोटीने ती तळावर उतरली. बुलुससमोर बसून तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांतली रीत, उंबऱ्यावरची जिन, वही, सगळं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला,

‘‘म्हणजे दोन वर्षं मी मेलेल्या माणसांची राखण करत होतो.’’

‘‘जिवंतच होती, साहेब. नावं तेवढी मेलेली.’’

‘‘शनिवारी मी विचारलं होतं. तुम्ही समोर होतात.’’

‘‘होते.’’

‘‘शनिवारी त्या खलाशाच्या खांद्यातलं रक्त ओलं होतं, बाई. माझी सगळी माणसं तयार होती. माग ताजा होता. मी त्याच बोटीने पुढे गेलो असतो.’’ त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. ‘‘आता ऐका. कागदावर तुमची बहीण संशयित आहे. यादी तुम्ही लिहिलीत, म्हणजे तुम्हीही. तुमच्या एकटीच्या शब्दावर मी वरून बोटी मागितल्या तर मला विचारतील, त्या टोळीने तुला सापळ्यात बोलावलंय का? मला दुसरं माणूस हवं. तुमच्या यादीत मेलेल्याच्या नावाने गेलेलं, आपल्या खऱ्या नावाने माझ्यासमोर सही करणारं. एक पुरे. मग अहवाल बदलतो. पुढच्या आठवड्यात माझी बदली आहे. गुरुवारी माझ्याकडे दोन बोटी मोकळ्या आहेत. बुधवारपर्यंत आणा.’’

‘‘सत्तर माणसं आहेत, साहेब. एक मिळेल.’’

ती खरोखर तसं समजत होती. संध्याकाळी परतीच्या ताफ्याबरोबर आली आणि वही घेऊन दारोदार निघाली.

बँकेतल्या बोमाने तिला आत घेतलं, दार लावलं, मग बोलली. ‘‘ताई, माझी सही त्या तळावर पडली की ती उद्या पोरांच्या हातात. दाबाला आणायला निघालीस, मला घालवून येशील.’’

‘‘तुझं बाळंतपण तिने केलं. दोन रात्री बसली होती.’’

‘‘म्हणून तर सांगते. त्या बाळाला कोण बघेल?’’

चर्चचे चिटणीस म्हणाले, ‘‘मी कधीही खोट्या नावाने प्रवास केलेला नाही.’’

‘‘ईस्टरच्या आधी तुम्ही तुमच्याच काकांच्या नावावर गेलात. वहिनी हसत होत्या.’’

‘‘मग ती हसली असेल. मी नव्हतो हसलो.’’

एकाने सांगितलं, आधी बाकीच्यांना विचार, ते आले तर मी येतो. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. एका घरी म्हातारीने तिला अंगणातच थांबवलं. ‘‘आमच्या सासूचं नाव नेलंस तेव्हा म्हणालीस कुणाला कळणार नाही. आता आमच्या सासूला नौदलात नेतेस?’’ मंगळवारी दुपारपर्यंत वहीतली सगळी घरं झाली. काही ठिकाणी तिला येताना बघून दारं लागली. याच लोकांनी आपल्या आज्या तिच्या हातात दिल्या होत्या.

मंगळवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मला शेवटी ठेवलं होतं, कारण मी म्हातारी, आणि तिला मला त्रास द्यायचा नव्हता. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. मी तिच्यापुढे कुस्करलेल्या सुरण-केळ्याचं ओनुनू आणि मासळी ठेवली. तिने सगळं खाल्लं, भाजी निवडावी तसं, लक्ष दुसरीकडे ठेवून.

‘‘बाई, तुम्ही चार वेळा गेलात. एकदा माझ्या मावशीच्या नावावर.’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘दाबा तुमच्या वर्गात होती.’’

‘‘तेही माहीत आहे. मुद्द्याचं बोल. काय करायचं आहे?’’

‘‘सही. त्यांच्यासमोर. एक फॉर्म आहे. बस्स.’’

‘‘येते. आठची बोट.’’

तिने ताट बाजूला सारलं.

‘‘सांगेन त्यांना,’’ मी म्हटलं, ‘‘की मी अमुक अमुक, निवृत्त शिक्षिका, आणि गेल्या वर्षात चार वेळा मेलेली होते.’’

इबिसो हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा, आणि मी तरी तिला त्यानंतर हसताना पाहिलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. शोध पुन्हा सुरू झाला नाही. बुलुस बदलून गेला, त्याच्या जागी आलेल्याने फाइल वाचली आणि इबिसोला दोनदा चौकशीला बोलावलं, साक्षीदार म्हणून नव्हे. यादीचं काम गेलं. धक्क्यावर आता एक पोरसवदा माणूस मशीनवर बोटांचे ठसे घेतो, आणि पगारदार लोक सरळ प्रवासच टाळतात. दवाखान्याला कुलूप आहे. दाबाचं पुरण्यासारखं काही नाही, म्हणून तिचं मर्तिक झालं नाही, प्रेत ठेवायची खाट सजली नाही, कुटुंबाने मर्तिकात नेसायची चौकड्यांची कापडं पेटीतच राहिली. वर्षभराने कुणीतरी बातमी आणली की समुद्राच्या तोंडाशी, कोळ्यांच्या वस्त्यांकडे, एक नर्स बाळंतपणं करते, तिला कुणी बोलू देत नाही. इबिसो गेली. तशी कुणी नव्हती. मग पुढच्या वस्तीत, मग त्याच्या पुढच्या. आता शेवटच्या वस्तीत आहे, तिच्यापुढे पाणीच आहे. मासळी धुरवते. चार वर्षं झाली.

राहिली ती बुधवारची सकाळ.

मी लवकर उठले होते. चांगलं लुगडं नेसले, छत्री घेतली, चष्मा घेतला. दारापर्यंत गेले. गुडघा दुखत होता असं मी त्यानंतर सगळ्यांना सांगितलं. तो दुखत नव्हता. रात्री माझ्या डोक्यात एवढंच आलं होतं की त्या फॉर्मवर घरच्या माणसाचं नाव आणि फोन लिहावा लागेल. माझा मुलगा शहरात तेलाच्या कंपनीत आहे. मी दारातल्या खुर्चीवर बसले आणि उठले नाही.

इबिसोने त्या दिवशी शेवटची यादी लिहिली. तिची प्रत मी नंतर बघितली आहे. पहिल्या ओळीवर माझं नाव आहे, बालाफामा ग्रीन, लग्नाआधीच्या आडनावासकट, वय एकाहत्तर, अगदी बरोबर. तिने बोटीत पुढची जागा धरून ठेवली. तांडेल ओरडला, गनबोटीने भोंगा दिला, तिने ताफा आठ मिनिटं अडवला. मग एकटीच बसली. तळावर बुलुसने विचारलं, साक्षीदार कुठे? ती म्हणाली, ‘‘बाईंना चालायला वेळ लागतो, साहेब. दोनच्या बोटीने येतील.’’ तो दोनची बोट येईपर्यंत थांबला.

दोनचा ताफाही मी पाहिला, खिडकीतून. माझ्या खिडकीतून धक्का स्वच्छ दिसतो.